चाचणी संपल्यावर त्या माणसाचं काय?

२००४ ते २०२१ या काळात अमेरिकेतल्या 'ब्रेनगेट' चाचणीत एकूण १४ माणसांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले गेले. सतरा वर्षांत चौदा माणसं. कुणाच्या मणक्याला अपघातात इजा झालेली, कुणाला मेंदूच्या देठात पक्षाघाताचा झटका आलेला, कुणी एएलएस या मज्जातंतूंच्या आजारामुळे एकेक स्नायू गमावत चाललेलं. या चौदा जणांनी मिळून १२,२०३ दिवस ती उपकरणं डोक्यात वागवली. त्या दिवसांचा लेखाजोखा २०२३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. उपकरणामुळे कुणाचा मृत्यू झाला नाही आणि कुणाच्या अपंगत्वात कायमची भर पडली नाही, असं त्यात नोंदवलं आहे. मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंकेत टिपून ते थेट संगणकाला पोचवण्याचं हे तंत्र म्हणजे ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस, थोडक्यात बीसीआय. या क्षेत्रात उतरणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनीला आता हा दाखला हाताशी आहे.

या चौदा जणांना संमतिपत्रात काय सांगितलं होतं? तुम्हाला स्वतःला यातून फायदा होईल असं धरून चालू नका. त्यांनी सही केली, कवटी उघडू दिली आणि वर्षानुवर्षं आठवड्यातले कित्येक तास संशोधकांना दिले. माझं म्हणणं साधं आहे. ज्या संशोधनाचा पाया अशा माणसांच्या डोक्यात घातला जातो, त्या संशोधनाच्या खर्चात त्यांच्या उपकरणाची पुढची सगळी देखभाल धरलेली असलीच पाहिजे. ती कुणाच्या मर्जीवर सोडता कामा नये. चाचणीला मंजुरी देतानाच तिची रक्कम बाजूला काढलेली हवी. भारतात अशा चाचण्या उद्या होतील, परवा होतील. त्याआधी हे ठरलं पाहिजे.

या शास्त्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्यांच्या कारकिर्दीचा पल्ला किती लांबचा असतो हे आधी सांगायला हवं. १९६९ साली सिॲटलमध्ये एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाच्या मेंदूतल्या एका पेशीवर इलेक्ट्रोड रोखला. ती पेशी जोरात संकेत देऊ लागली की समोरच्या मीटरचा काटा सरकायचा आणि माकडाला केळ्याच्या चवीची गोळी मिळायची. माकड ते शिकलं. १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये जॅक विडाल यांनी या क्षेत्राला आजचं नाव दिलं. १९८०च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये अपोस्टोलोस जॉर्गोपोलोस यांनी दाखवून दिलं की हात कोणत्या दिशेला वळणार हे एकट्या पेशीला विचारून कळत नाही, पुष्कळ पेशींचा कौल एकत्र केला की कळतं. तिकडे यूटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी चार मिलिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनावर शंभर बारीक सुया उभ्या केल्या. त्यांच्या मनात होतं अंधांना दृष्टी देणं. पुढे त्याच सुया हालचालींच्या संशोधनात सगळ्यात जास्त कामी आल्या.

ब्राऊन विद्यापीठाचे जॉन डोनह्यू यांनी १९७९ साली पीएचडी केली ती मेंदूच्या मूलभूत अभ्यासावर. मेंदूचा पृष्ठभाग हाताची हालचाल कशी घडवतो, या एका प्रश्नावर ते वीसेक वर्षं काम करत राहिले. २००२ साली त्यांच्या गटातली माकडं नुसत्या मेंदूच्या संकेतांवर पडद्यावरचा कर्सर हलवू लागली. त्याच सुमारास त्यांनी सायबरकायनेटिक्स ही कंपनी काढली होती. जून २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत पहिला 'ब्रेनगेट' बसला. चाकूहल्ल्यात त्याचा मणका तुटला होता. पडद्यावर ईमेल उघडणं, साधा खेळ खेळणं, कृत्रिम हाताची मूठ उघडणं-मिटणं हे त्यानं केवळ हालचालीचा विचार करून साधलं. २००६ साली त्यावरचा निबंध 'नेचर'च्या मुखपृष्ठावर झळकला. नेगल २००७ साली वारला.

म्हणजे फेट्झ यांच्या माकडापासून नेगलपर्यंत पस्तीस वर्षं लागली. एवढा धीर खासगी भांडवलाला नसतो. हे सगळं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, माजी सैनिकांच्या खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलं. जनतेच्या पैशानं वाढलेल्या ज्ञानावर जनतेचा हक्क असतो, हे म्हणायला सोपं आहे. पण त्या जनतेतल्या ज्या मोजक्या माणसांनी पैशाऐवजी स्वतःचा मेंदू दिला, त्यांचा हक्क कुठे लिहिला आहे?

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जवळून पाहिलं की हा प्रश्न का टोचतो हे कळेल. 'ब्रेनगेट'चा माणूस सकाळी उठून आपला आपण कर्सर हलवायला लागतो, असं नव्हतं. मेंदूत बसवलेल्या सुयांपासून केसाएवढ्या बारीक सोन्याच्या तारांचा जुडगा निघतो आणि कवटीवर स्क्रूनं बसवलेल्या एका धातूच्या खुंटीत संपतो. ही खुंटी टाळूच्या कातडीतून बाहेर दिसते. ठरलेल्या दिवशी तंत्रज्ञ घरी येतो, खुंटीवरचं झाकण काढतो, आजूबाजूची कातडी पुसून तपासतो, जाड केबलचं टोक फिरवून बसवतो. ती केबल चाकांच्या मांडणीवर रचलेल्या यंत्रांना आणि संगणकांना जाते. मग जुळवणी सुरू होते. पडद्यावरचा ठिपका डावीकडे जातोय असं मनात आणा, आता वर, आता उजवीकडे. कालचे संकेत आज जसेच्या तसे येत नाहीत, सुया केसभर सरकतात, एखादी पेशी गप्प होते, म्हणून संगणकाला पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. हे झालं की दोन-तीन तास काम. मग केबल निघते, झाकण बसतं, तंत्रज्ञ जातो. तंत्रज्ञ यायचा थांबला तर डोक्यावर उरते ती नुसती खुंटी, रोज स्वच्छ ठेवावी लागणारी आणि जंतुसंसर्गाची भीती बाळगायला लावणारी.

आणि तंत्रज्ञ यायचा थांबू शकतो. सायबरकायनेटिक्सचंच घ्या. २००९ सालापर्यंत कंपनीचा कारभार आटोपला. चाचणीतल्या माणसांचं नशीब एवढंच की मेंदूविकारतज्ज्ञ ली हॉकबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या आधारानं, सार्वजनिक निधीवर चाचणी पुढे चालू ठेवली. या निर्णयाचं फळ सगळ्या जगानं पाहिलं. २०११ सालच्या एप्रिल महिन्यात एका महिलेनं नुसत्या मनानं यांत्रिक हात हलवून कॉफीची बाटली उचलली, तोंडाशी आणली, नळीनं घोट घेतला आणि बाटली परत टेबलावर ठेवली. पक्षाघातानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी तिनं स्वतःच्या इच्छेनं स्वतःला काही पाजलं होतं. तिच्या मेंदूतल्या सुया २००५ साली बसवलेल्या होत्या. कंपनी बंद पडली त्याच दिवशी तिचं उपकरण वाऱ्यावर सोडलं असतं तर तो घोट तिला मिळाला नसता, आणि पाच वर्षांनंतरही सुया काम देतात हा शास्त्रीय शोधही लागला नसता. देखभालीमुळे संशोधनावर बोजा पडतो असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावं. या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला क्षण देखभालीतूनच आला आहे.

इतरांचं नशीब असं नव्हतं. इयन बर्कहार्ट २०१० साली समुद्राच्या लाटेत सूर मारताना मान मोडून घेतलेला विद्यार्थी. २०१४ साली ओहायोत त्याच्या मेंदूत चिप बसली. चिपचे संकेत संगणकातून हातावर चढवलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्याला जायचे आणि त्याचीच बोटं हलायची. तो बाटलीतलं ओतायला, कार्ड सरकवायला, गिटारचा व्हिडिओ गेम खेळायला शिकला. मात्र हे फक्त प्रयोगशाळेत. घरी गेल्यावर हात पुन्हा निर्जीव. २०२१ साली संसर्ग झाला, पैसेही संपत आलेले, आणि चिप काढावी लागली. बर्कहार्ट नंतर गप्प बसला नाही, त्यानं अशा चाचण्यांत भाग घेतलेल्यांची संघटना उभी केली. त्याबद्दल शेवटी बोलतो.

मेलबर्नची गोष्ट त्याहून कठीण आहे. न्यूरोव्हिस्टा कंपनीनं तिथे १५ एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले. जवळ बाळगायच्या छोट्या यंत्रावर दिवे लागायचे. लाल दिवा लागला तर फिट येण्याचा धोका मोठा, निळा असेल तर निर्धास्त. लहानपणापासून फिट येणाऱ्या एका महिलेला पहिल्यांदा कळू लागलं की आज बाहेर पडावं की नाही, आता औषध घ्यावं की नाही. तिचं आयुष्य बदललं. २०१३ साली कंपनीचा पैसा संपला आणि उपकरणं काढून घ्यायचं ठरलं. तिला ते नको होतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घर गहाण टाकून ते विकत घेण्याची तयारी दाखवली. तरीही उपकरण काढलं गेलं. मी हे वाचलं तेव्हा फार वेळ दुसरं काही सुचलं नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं, डॉक्टरांनी हलगर्जी केली नव्हती, रुग्णाला ते हवं होतं. फक्त कंपनीच्या खात्यात पैसे नव्हते.

कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीची 'आर्गस टू' ही कृत्रिम दृष्टी जगभर ३५०हून अधिक माणसांच्या डोळ्यांत बसली होती. ती चाचणीतून पार पडून बाजारात आलेली होती, २०१३ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. २०१९ साली कंपनीनं उत्पादन थांबवलं, पुढच्या वर्षी बहुतेक कर्मचारी कमी केले. कुणाचा चष्म्यावरचा कॅमेरा बिघडला तर सुटा भाग मिळेना. एकाला मेंदूचा एमआरआय काढायची वेळ आली, तेव्हा डोळ्यातल्या उपकरणासकट तो काढावा का, हे सांगायला कंपनीकडून कुणी मिळेना.

यावर पहिला आक्षेप येतो तो संमतीचा. हे प्रायोगिक आहे, मर्यादित काळासाठी आहे, याची त्यांना कल्पना होती, मग तक्रार कसली? मला हा युक्तिवाद पटत नाही. शस्त्रक्रियेचा धोका माणूस आधी समजून घेऊ शकतो. रक्तस्राव, संसर्ग, फिट यांची यादी डॉक्टर देतात. पण चाळीस वर्षं फिटच्या भीतीत काढल्यावर ती भीती गेलेला दिवस कसा असतो, हे उपकरण बसण्याआधी कुणालाही समजणं शक्य नसतं. म्हणजे ज्या नुकसानीला ती बाई सामोरी गेली, ते संमतिपत्रावर सही करताना अस्तित्वातच नव्हतं. ते उपकरणानंच निर्माण केलं. शिवाय ज्याला बोलता येत नाही, हात हलवता येत नाही, त्याच्यापुढे कुणी एक दार किलकिलं करून धरलं, तर तो अटींवर घासाघीस कशाच्या बळावर करणार? अटी नीट ठेवण्याची जबाबदारी अशा वेळी दार उघडणाऱ्यावर जास्त असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. आयुष्यभराची जबाबदारी डोक्यावर घेतली तर छोट्या प्रयोगशाळा हे संशोधनच सोडून देतील. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत २०१३ साली मोठा गाजावाजा होऊन सुरू झालेल्या 'ब्रेन इनिशिएटिव्ह' या मेंदू-संशोधनाच्या सरकारी कार्यक्रमाच्या निधीत २०२४ साली सुमारे ४० टक्के कपात झाली. एका शास्त्रज्ञाच्या खांद्यावर पंधरा रुग्णांचं आयुष्य ठेवणं मला मान्यच नाही. शास्त्रज्ञही माणूसच असतो. म्हणून तर ही जबाबदारी व्यक्तीची न ठेवता निधीची ठेवायला हवी. प्रत्येक मंजूर प्रकल्पातून ठराविक हिस्सा एका सामाईक कोषात जावा आणि प्रकल्प बुडाला, कंपनी विकली गेली, प्राध्यापक निवृत्त झाले किंवा गेले, तरी त्या कोषातून तंत्रज्ञ येत राहावा. माणसं किती? ब्रेनगेटमध्ये सतरा वर्षांत चौदा. इतक्या थोड्या माणसांची काळजी घेणं ज्या संशोधनाला परवडत नाही, त्याला त्यांची कवटी उघडणंही परवडू नये.

कृष्णा शेणॉय यांचं नाव इथे घेतलं पाहिजे. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकून मेंदूविज्ञानाकडे वळलेले हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. मेंदूशल्यचिकित्सक जेमी हेंडरसन यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. हेंडरसन पाच वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांना मोटार अपघातात जबर इजा झाली आणि त्यांचं बोलणं समजेनासं झालं. त्या घरातला मुलगा पुढे याच कामाकडे वळला. २०२१ साली त्यांच्या गटानं दाखवलं की हात लुळा पडलेला माणूस कागदावर अक्षरं लिहीत असल्याचं मनात आणतो, तेव्हा ते संकेत वाचून मिनिटाला ९० अक्षरं पडद्यावर उमटवता येतात. त्याच्या वयाची माणसं मोबाइलवर मिनिटाला साधारण ११५ अक्षरं टाइप करतात. जानेवारी २०२३ मध्ये शेणॉय कर्करोगानं गेले, वय अवघं ५४. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या गटाचा पुढचा निबंध आला. एएलएसमुळे वाचा गेलेल्या महिलेचे बोलण्याचे प्रयत्न मिनिटाला ६२ शब्दांच्या वेगानं वाचले गेले, मात्र चारातला जवळजवळ एक शब्द चुकत होता. २०२४ साली डेव्हिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटानं दुसऱ्या रुग्णाबाबत अचूकता ९७ टक्क्यांवर नेली. त्या गटाचे एक प्रमुख सर्गेई स्टाविस्की हे शेणॉय यांच्याच प्रयोगशाळेतून गेलेले.

हे सांगण्याचं कारण असं की शास्त्रज्ञ गेला तरी त्याचं काम पुढे कसं चालू ठेवायचं, याची पद्धत विज्ञानाला उत्तम जमलेली आहे. विद्यार्थी, निबंध, सामाईक संगणकप्रणाली, दुसऱ्या विद्यापीठातली नवी प्रयोगशाळा. कारकिर्दीचा वारसा जपायची एवढी चोख व्यवस्था आहे, तर सहभागी माणसाच्या तारेचा वारसा कुणाकडे जाणार, याचीही व्यवस्था करता येईलच. ती अवघड असल्यानं राहिली असं मला वाटत नाही. ती कुणी मागितली नाही.

तिसरा आक्षेप तंत्राचा, आणि तो मी अर्धा मान्य करतो. २००४ सालचं उपकरण २०४० साली चालवत ठेवा असा हट्ट कुणी धरू नये. सुटे भाग संपतात, सॉफ्टवेअर जुनं होतं, मेंदूत सुयांभोवती ऊतींचा थर चढून संकेत क्षीण होतात. पण मग दोनच रास्त गोष्टी उरतात. तेवढंच काम देणारं नवं उपकरण द्यायचं, नाहीतर सुरक्षितपणे काढून पुढचे उपचार फुकट करायचे. यातलं काय करायचं हे ठरवताना ज्याच्या डोक्यात ते आहे त्याचा शब्द शेवटचा. आणि कंपनी गुंडाळली जात असेल तर तिची तांत्रिक कागदपत्रं, सॉफ्टवेअर, सुट्या भागांचे आराखडे सरकारी यंत्रणेकडे आपोआप जमा व्हावेत, म्हणजे दुसरा कुणी ते दुरुस्त करू शकेल. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेले बरेचसे धागे काही आठवड्यांतच मागे सरकले होते. सॉफ्टवेअर बदलून त्याचं नियंत्रण परत आणता आलं, कारण कंपनी जागेवर होती, अभियंते कामावर होते. दहा वर्षांनी ते नसतील तर?

सार्वजनिक चर्चा मात्र भलतीकडेच रंगते. मेंदू वाचला जाईल, विचार चोरले जातील. त्यासाठी चिलीनं २०२१ साली राज्यघटनेत दुरुस्ती केली, कोलोरॅडोनं २०२४ साली कायदा केला, युनेस्कोनं २०२५ साली शिफारशी स्वीकारल्या. हे सगळं योग्यच आहे. पण ज्याच्या डोक्यावर खुंटी आहे त्याची आजची अडचण वेगळी असते, आणि गोपनीयतेच्या कायद्यातून त्याला बदली केबल मिळत नाही.

आता आपल्याकडे. मेंदूला संकेत पोचवणारं यंत्र मराठी घरांत कधीच आलेलं आहे, त्याचं नाव कॉक्लिअर इम्प्लांट. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानाच्या आतल्या शंखात इलेक्ट्रोड सरकवतात, ते श्रवणाच्या नसेला थेट संकेत देतात. केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतून हजारो कुटुंबांना आपल्या ऐपतीबाहेरचं हे यंत्र मिळालं. या योजनेतला कॉक्लिअर इम्प्लांटचा भाग वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालतो. फार मोलाचं काम आहे ते. पण शस्त्रक्रिया झाली, फोटो झाला, वॉरंटी संपली, की पुढे काय होतं ते अशा मुलांच्या आईबापांना विचारा. कानामागचा प्रोसेसर, त्यातून निघणारी बारीक वायर आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी चकती, हे सगळं रोजच्या वापरातलं आणि मुलाच्या धडपडीतलं. वायर तुटली की मूल त्या क्षणी बहिरं. कोकणातल्या पावसाळ्यात रात्री यंत्र ड्राय बॉक्समध्ये ठेवायला विसरलं की सकाळी आवाज चिरकतो. वायर आणि चकतीच काही हजारांत जाते. प्रोसेसर बिघडला आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं, तर नव्या प्रोसेसरचा आकडा लाखांत. शेतमजुरी करणारं घर तो कुठून आणणार? नीट बोलायला लागलेलं, मराठी शाळेत बसलेलं मूल पुन्हा शांततेत ढकललं जातं. डोक्याच्या आतला महागडा भाग मात्र ठणठणीत असतो. पार्किन्सनच्या रुग्णांचंही थोड्याफार फरकानं असंच आहे. मेंदूत खोलवर तारा बसवल्या जातात, छातीतली बॅटरी काही वर्षांनी संपते आणि ती बदलायचा खर्च पुन्हा लाखांत जातो.

म्हणजे बसवण्याचा पैसा योजनेत असतो आणि चालवण्याचा नसतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. बीसीआय आलं तर हीच चूक कितीतरी पटींनी महाग पडेल. शिवाय आपल्याला आणखी एक काम जास्तीचं आहे. आजवरच्या बोलण्याच्या बहुतेक चाचण्या इंग्रजीत झाल्या. त्या संगणकांना इंग्रजीचे ध्वनी शिकवलेले आहेत. सांगलीच्या माणसाला 'बाळा, पाणी दे' असं म्हणायचं असेल तर मराठीचे ध्वनी, मराठीची वाक्यं घेऊन ते पुन्हा शिकवावं लागेल, आणि त्याच्या प्रकृतीबरोबर संकेत बदलत जातील तसं शिकवत राहावं लागेल. हे काम शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही.

मेंदूच्या यंत्रांबाबत घाई केली की कुणाचं काय जातं, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं एका खुनाच्या खटल्यात निकाल देताना मेंदूचे विद्युतसंकेत मोजणाऱ्या 'बीईओएस' चाचणीचा आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी चढवून, गुन्ह्याची वाक्यं ऐकवून, हा अनुभव आरोपीच्या स्मृतीत आहे की नाही हे सांगणारी ही पद्धत. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ती अशास्त्रीय ठरवली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली. यंत्र आधी वापरात आलं आणि त्याची परीक्षा नंतर झाली. मधल्या काळाची किंमत प्रयोगशाळेनं मोजली नाही, माणसानं मोजली.

नियम अगदीच नाहीत असं नाही. चाचणीनंतर सहभागींना काय मिळणार हे आधीच ठरवा, असं वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही संशोधनानंतरच्या लाभाचा विचार आहे. २०१९च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत तर दुसरा उपाय नसलेल्या रुग्णाला चाचणीनंतरही नवं औषध मोफत देण्याची तरतूद आहे, डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मान्यता असेल तर. पण हा विचार गोळीचा आहे. गोळी देत राहणं म्हणजे पुरवठा. मेंदूतलं उपकरण देत राहणं म्हणजे तंत्रज्ञ, केबल, सॉफ्टवेअर, जंतुसंसर्गाचे उपचार, कधीतरी दुसरी शस्त्रक्रिया, आणि हे सगळं रुग्णाच्या गावापर्यंत पोचणं. त्यासाठी उपकरणांच्या नियमांत स्वतंत्र कलम हवं. मेंदूत किंवा नसेत कायम बसणाऱ्या उपकरणाच्या चाचणीला, पहिल्या सहभागीच्या देखभालीची रक्कम सरकारी कोषात जमा झाल्याशिवाय परवानगी नाही, असं सरळ लिहा. केंद्र सरकारला हे आज करता येईल. अजून इथे कुणाचं भांडवल अडकलेलं नाही, कुणाचा धंदा बुडत नाही, त्यामुळे विरोधही आज सगळ्यात कमी होईल.

आणि अशा चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत डॉक्टर, वकील, समाजसेवक यांच्या जोडीला शरीरात असं उपकरण घेऊन जगणारा एक तरी माणूस मतासह बसला पाहिजे. अमेरिकेत बर्कहार्टनं उभी केलेली संघटना हेच करते आहे. चाचणीत भाग घेतलेली माणसं नव्या चाचण्यांच्या आखणीत बोलतात, उपकरण काढायची वेळ आली तर काय होईल हे पहिल्या बैठकीतच विचारतात. आपल्याकडे असा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कॉक्लिअर इम्प्लांट झालेली मुलं आता कॉलेजात आहेत, आणि त्यांच्या आयांना कोणती वायर कुठे किती दिवसांत मिळते हे तोंडपाठ आहे.